चिंधी बांधलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची असली की त्या भागातली माणसं आधी दादाला गाठायची आणि मग गाडीवाल्याला. दादा म्हणजे वळणावरच्या गॅरेजचा मालक. त्याला सख्खा धाकटा भाऊ एकच, पण गल्लीतली पिकल्या केसांची माणसंसुद्धा त्याला दादाच म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. गाडी बघायला गेला की तो आधी कुणाशी बोलायचा नाही. गाडीवाला दारातून "या, या" करत असायचा आणि दादा सरळ इंजिनला तळवा लावायचा. इंजिन कोमट लागलं की विषय संपला.

"आम्ही यायच्या आधी चालू केली होती का?"

"जरा पुसून ठेवली, तेव्हा केली होती."

"पुसायला इंजिन कशाला लागतं?" एवढं म्हणून तो पाठ फिरवायचा. थंड गाडी किती रडत चालू होते हे ज्याला लपवायचं असतं तोच ती आधी तापवून ठेवतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

इंजिन थंड निघालं तर मग पुढची तपासणी. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचं, मध्ये कुठे अडतं का बघायचं. पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर तेलाचा ओघळ आहे का, टायर एकाच बाजूने झिजलाय का, हे वाकून बघायचं. "रंगाकडे बघू नका, रंग डब्यात मिळतो," हे तो प्रत्येकाला ऐकवायचा, आणि प्रत्येक जण तरीही आधी रंगाकडेच बघायचा. गाडी घेतली की सल्ल्यांचा दुसरा हप्ता सुरू. आधी दोन्ही आरसे. मग बरे टायर. मग डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. हे सगळं झाल्यावर हौस शिल्लक राहिली तर काय ते दिवे आणि स्टिकर लावा. हवा आठवड्याला बघा, साखळीला तेल घाला, आणि ब्रेक किरकिरायला लागला तर हॉर्नने तो आवाज झाकू नका, माझ्याकडे या. माणूस सल्ले देताना खुलायचा. समोरच्याला घाई असली तरी त्याचं वाक्य काही आखूड होत नसे.

त्याच्या गॅरेजात एक रीत होती आणि ती बापाच्या वेळेपासून चालत आलेली. काम अर्धवट असलेल्या गाडीच्या ब्रेकच्या दांडीला चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर गाडी हलवायची नाही, मालक पाया पडला तरी. काम पुरं झालं, ज्याने केलं त्याने गाडी स्वतः फिरवून आणली, की त्यानेच चिंधी सोडायची. किल्ल्या सगळ्या भिंतीवरच्या खिळ्यांना. बापाच्या मते माणसाला विचारायला गेलं तर माणूस "झालं असेल" म्हणतो, चिंधी तसं म्हणत नाही.

धाकटा म्हणजे दादाचा भाऊ. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, त्याची पोरगी कॉलेजात जात होती, तरी तो धाकटाच. हात चांगला होता त्याचा. हे दादाला ठाऊक होतं, फक्त तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. उलट धाकट्याने एखादं चाक बसवलं की दादा सहज गेल्यासारखा तिथे जायचा, पाना लावायचा आणि आवळलेला नट पुन्हा आवळून बघायचा. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. नट हलायचा नाही, पण गिऱ्हाइकाने बघितलेलं असायचं. धाकटा अशा वेळी दुसऱ्या गाडीत डोकं घालायचा. दादाच्या मागून पाना लावून बघणारं मात्र त्या गॅरेजात कुणी नव्हतं.

अलीकडे धाकट्याने स्वतःच्या गॅरेजसाठी चौकातला एक गाळा बघून ठेवला होता. वहिनीला म्हणजे दादाच्या बायकोला त्याने आधी सांगितलं, कारण घरातल्या सगळ्या अवघड गोष्टी तिच्याच हातून दादापर्यंत जायच्या. दादा ऐकून म्हणाला, "घे की. मी कुठे अडवलंय?" आणि ताट पुढे ओढलं. आतून त्याला ते नको होतं. भाऊ समोर बसलेला असला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं हे सांगायची त्याला एकच पद्धत माहीत होती, ती म्हणजे पाना. पण गाळा जवळजवळ ठरला. चार माणसं आता "धाकट्यालाच दाखवू" म्हणायला लागली होती, आणि त्या धंद्यात अशा विश्वासाशिवाय माणसाकडे दुसरं भांडवल नसतं.

ते प्रकरण घडलं ते नर्सबाईच्या स्कूटरवर. नर्सबाई म्हणजे टेकडीवरच्या दवाखान्यात काम करणारी, ड्रायव्हरकाकांची मुलगी. ड्रायव्हरकाका जन्मभर बस चालवून घरी बसलेले, आणि ब्रेकच्या बाबतीत त्यांचा देवावरसुद्धा विश्वास नव्हता, फक्त दादावर होता. स्कूटर दादानेच पारखून दिली होती. त्या दिवशी तिच्या पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचे होते. दादाने पॅड धरणारा ब्रेकचा जबडा काढला, नवे पॅड घातले, जबडा जागेवर धरला आणि दोन्ही बोल्ट हाताने फिरवले. एका बोल्टचे आटे गेलेले निघाले. नवा आणल्याशिवाय आवळण्यात अर्थ नव्हता. त्याने दांडीला चिंधी बांधली, एका ओढीत सुटेल अशी सैल गाठ मारून, नेहमीसारखी.

तेवढ्यात शेजारचा शिंपी आला. त्याला मुलासाठी मोटरसायकल घ्यायची होती आणि मुलाला रुंद टायरची हवी होती. झालं. दादा नर्सबाईच्या स्कूटरला टेकला आणि रुंद टायर दिसायला कसा छान आणि मायलेजला कसा खड्डा, इथपासून सुरुवात केली. बोलता बोलता तो शेजारी उभ्या गाडीच्या साखळीचा ताण दाखवायला वाकला, हात काळे झाले, पुन्हा येऊन टेकला. शिंपी मान डोलवत होता. दादाच्या हाताला जे फडकं लागलं त्याने हात पुसले आणि ते फडकं खांद्यावर टाकलं. असं तो दिवसातून कितीतरी वेळा करायचा. मग शिंप्याला "आधी हेल्मेट, मग टायर" असं बजावून तो बोल्ट आणायला निघाला.

तो सुट्या भागांच्या दुकानात असताना नर्सबाई आली. तिला लवकर जायचं होतं, एक जणी रजेवर असल्याने तिची ड्युटी अलीकडे ओढली होती. धाकट्याने बघितलं, चिंधी नाही. किल्ली खिळ्यावर. तरी त्याने दांडी दाबून बघितली, ती कडक लागली. नवे पॅड, घट्ट दांडी, चिंधी सुटलेली. कुणीही दिली असती. त्याने दिली.

दादा बोल्ट घेऊन परतला तेव्हा स्कूटरची जागा रिकामी होती.

"स्कूटर कुठाय?"

"सिस्टर घेऊन गेल्या. आत्ताच."

"घेऊन गेल्या? अरे, बोल्ट नुसते हाताने लावलेत ब्रेकचे. चिंधी दिसली नाही तुला? डोळे काय फक्त चौकातल्या गाळ्याकडे लागलेत?"

धाकटा पान्यासकट उभा राहिला. "चिंधी नव्हती, दादा."

"मी बांधली होती. या हाताने."

"बांधली असशील," धाकटा म्हणाला. "ती तुझ्या खांद्यावर आहे."

दादाने मान वळवली. खांद्यावर निळ्या काठाचं फडकं होतं. ब्रेकच्या दांडीला बांधायला बायकोने जुनी चादर फाडून मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या चिंध्यांपैकी एक. धाकट्याने फोन लावायला सुरुवात केली होती, पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे नर्सबाईला दादानेच शिकवलेलं. दोघे मोटरसायकलवर बसले. चढावर अर्ध्या वाटेतच त्यांना गर्दी दिसली आणि गर्दीच्या मध्ये आडवी पडलेली स्कूटर. एक बोल्ट गळून पडला होता, जबडा फिरून चाकात अडकला होता. नर्सबाईला कुणीतरी आधीच तिच्याच दवाखान्यात नेलं होतं.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ड्रायव्हरकाका भिंतीला धरून उभे होते. जीव वाचला होता. डोक्याला काही नाही, हेल्मेट होतं. पण उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि बोटांची हालचाल परत किती येईल हे डॉक्टर सांगत नव्हते. सुई टोचणारा, नाडी बघणारा हात. आजूबाजूला तिच्याबरोबरच्या नर्सेस, शेजारी, ब्रेकचा बोल्ट सैल होता असं सांगणारे, स्कूटर उचलून आणणारे दोघे. काकांनी दोघा भावांकडे बघितलं.

"गाडी कुणी दिली तिच्या हातात?"

"मी दिली," धाकटा म्हणाला.

ते खरंच होतं. गाडी त्यानेच दिली होती. त्याने ते सरळ सांगितलं आणि मग दादाकडे बघितलं, आता पुढचं तू बोल म्हणून. ती नजर दादाने ओळखली. तोंडही उघडलं होतं त्याने. पण काकांचा आवाज चढला होता, "काम अर्धवट असताना गाडी देतोस? अक्कल गहाण टाकलीस का? भावाने उभं केलेलं नाव असं मातीत घालायला निघालास?" आणि सगळे धाकट्याकडे बघत होते. दादाने मनाशी म्हटलं, आत्ता नको, काका शांत होऊ देत. मग म्हटलं, आत्ता बोललो तर इथे तमाशा होईल. अशी कारणं त्या वेळी भराभर सुचतात आणि प्रत्येक कारण शहाणपणाचं वाटतं. खरं कारण एवढंच की त्याला भीती वाटली. ज्या माणसाच्या शब्दावर लोक आपल्या पोरीबाळींना गाडीवर बसवतात, त्या माणसाने भर पॅसेजमध्ये "चिंधी मीच काढली, आणि मला कळलंही नाही" असं म्हणायचं, याची भीती. त्याने मान खाली घातली. लोकांनी ती लाज भावाबद्दलची समजली.

धाकट्याने थोडा वेळ वाट बघितली. मग त्यानेही बघणं सोडलं आणि खाली जाऊन मोडलेली स्कूटर टेम्पोत चढवायला लागला.

घरी दादाने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"भावोजी काय म्हणाले?" तिने विचारलं.

"काही नाही म्हणाला."

"मग तुम्ही म्हणायचं होतं."

"उद्या जाऊन सांगतो."

"आजच जा की," ती म्हणाली. "शिळं झालं की खरं सांगितलेलंही कुणाला पटत नाही." पण त्याने उद्यावर ढकललं. अंगात त्राण नाही म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच वॉर्डात गेला. नर्सबाई उशीला टेकून बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. काका स्टुलावर. दादाने उभ्यानेच सगळं सांगितलं. बोल्ट, शिंपी, साखळी, फडकं, खांदा. काही गाळलं नाही. म्हणाला, "त्याची काही चूक नाही. मी हलगर्जीपणा केला. काल बोलायला हवं होतं, बोललो नाही."

काकांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बस," ते म्हणाले. "भाऊ आहे, तुम्हाला वाटणारच. पण सगळं अंगावर ओढून घेऊ नका. तुमची चिंधी कधी चुकलीय? इतकी वर्षं बघतोय मी."

"काका, मी खरं सांगतोय."

"तो काल स्वतःच्या तोंडाने म्हणाला, मी दिली म्हणून. तुम्ही शेजारीच होता. तुमची चूक असती तर तुम्ही तिथेच बोलला असता. तुम्ही काही गप्प बसणाऱ्यातले आहात?"

नर्सबाईने डाव्या हाताने डोळे पुसले. "दादा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही दिलेल्या हेल्मेटमुळे तर वाचले." त्याला वाटलं तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या खायची सगळी तयारी करून तो आला होता.

मग त्याने दुसरीकडे सांगायला सुरुवात केली. शिंप्याला सांगितलं, निदान तो तर तिथे होता. शिंपी म्हणाला, "मी टायरचं ऐकत होतो बुवा, फडक्याकडे कोण बघतंय?" सुट्या भागांच्या दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "असा मोठा भाऊ मिळायला नशीब लागतं." दोनच दिवसांत सगळीकडे झालं की धाकट्याने गाडी दिली आणि दादा बिचारा त्याच्यासाठी दारोदार जाऊन आळ स्वतःवर घेतोय. दादा सांगत गेला तसतसं त्याचं नाव वाढत गेलं. त्याच्या तोंडून निघालेलं खरं वळून त्याच्याच कौतुकात जमा व्हायचं. गिऱ्हाइकं गॅरेजात येऊन आवाज खाली करून म्हणायची, "दादा, ब्रेकचं तेवढं तुम्हीच बघा हं." धाकटा समोरच बसलेला असायचा.

नर्सबाईच्या औषधोपचाराचं दादा बघत होता, स्कूटर त्याने नवी करून दिली होती, पण नर्सबाई ती घ्यायला आली नाही. भाऊ आला तिचा. म्हणाला, विकून टाकणार आहोत. हात बरा होतोय, मूठ पूर्ण मिटत नाही, तिला आता नोंदणीच्या टेबलावर बसवलंय.

त्यानंतर एका दुपारी चौकातल्या गाळ्याचा मालक गॅरेजसमोरून गेला आणि थांबला नाही. दादाने धाकट्याला विचारलं, "गाळ्याचं काय झालं?"

"नको म्हणून कळवलं."

"का?"

"कोण येणार आहे तिथे?" धाकटा कार्बोरेटर पुसत होता. आवाजात राग नव्हता, आणि रागाशिवायचा तो आवाज दादाला ऐकवेना.

"मी चौकात उभा राहून सांगतो लोकांना. रोज सांगतो."

"सांग. आणखी चार जण म्हणतील, काय भाऊ आहे. वाक्य एकच होतं दादा, आणि ते त्या पॅसेजमध्येच बोलायचं होतं. तिथे तू म्हणाला असतास तर लोकांनी तुला दोन दिवस नावं ठेवली असती. तुझं काय गेलं असतं? दोन दिवसांनी पुन्हा तुझ्याकडेच आले असते. मला नाही परवडत तसं."

दादाला म्हणायचं होतं की चुकलो. म्हणालाही तो. धाकट्याने मान हलवली, ऐकलं एवढं सांगण्यापुरती. पुसलेला कार्बोरेटर त्याने जागेवर बसवला आणि पुढची गाडी ओढली.

म्हणजे दादाला आतून जे हवं होतं ते झालं. भाऊ कुठे गेला नाही. रोज वेळेवर येत होता, समोर बसून काम करत होता. दादाने आता त्याच्या मागून पाना लावणं बंद केलं होतं. मुद्दाम, कटाक्षाने, गिऱ्हाइक असो वा नसो. आलेल्याला तो मोठ्याने सांगायचा, "हे काम धाकट्याकडे द्या, माझ्यापेक्षा बरं करतो." गिऱ्हाइक हसायचं आणि किल्ली दादाच्याच हातात ठेवायचं.

मग एका सकाळी धाकट्याने एका मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उघडून पुरा केला. गाडी फिरवून आणली. चिंधी सोडायला दांडीला हात लावला आणि तिथेच थांबला. मग पाना घेऊन दादासमोर आला.

"दादा, जरा बोल्ट बघून घेतोस?"

"मी कशाला बघू? तू केलंयस ना?"

"बघ तरी."

दादा उठला. खाली बसून त्याने पाना लावला, वरचा बोल्ट, मग खालचा. दोन्ही जागचे हलले नाहीत. इतके नेमके आवळलेले बोल्ट त्याने स्वतःही फार वेळा आवळले नव्हते.

"घट्ट आहेत," तो म्हणाला. "उत्तम आहेत. सोड चिंधी."

धाकट्याने चिंधीला हात लावला नाही. तोही दादाशेजारी खाली बसला.

"नीट बघ," धाकटा म्हणाला. "अजून एकदा बघ."